कडक गादीचा हट्ट सोडा, आधी उशा हलवून बघा

प्रश्न : माझं वय 47. गेले आठ-नऊ महिने सकाळी उठताना कंबर पार आखडलेली असते. रात्री झोप लागते, दुखण्यामुळे जागरण होत नाही, पण पहाटे कूस बदलताना कळ येते आणि उठल्यावर बेसिनपाशी वाकून तोंड धुणं नकोसं होतं. वीस-पंचवीस मिनिटं घरात वावरले की अंग मोकळं होतं, मग दिवसभर फारसा त्रास नसतो. पायात कळ किंवा मुंग्या नाहीत. डॉक्टरांनी तपासून काळजीचं काही नाही असं सांगितलं आणि व्यायाम सुचवला. घरातले सगळे मात्र एकच सांगतात, गादी काढ आणि फळीवर झोप. मी पंधरा दिवस जमिनीवर नुसती सतरंजी घालून झोपले, तर कंबर होती तशीच राहिली, वर खुबा आणि खांदा दुखायला लागला. आता मिळेल ती सगळ्यात कडक गादी घ्यायची असं ठरवलंय. आत्ताची गादी बारा वर्षांची आहे. मध्यंतरी बहिणीकडे पाच-सहा दिवस राहिले तेव्हा कंबरेनं त्रास दिला नाही, पण तो हवापालटाचा परिणाम असावा. मी कुशीवर झोपते, जाग येते तेव्हा बरेचदा पालथी असते. डोक्याखाली दोन उशा घेते. कोणत्या कुशीवर झोपावं? उशी बंदच करावी का? आणि त्याच गादीवर झोपणाऱ्या माझ्या नवऱ्याची पाठ ठणठणीत आहे, मग मलाच हा त्रास का?

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत आणि लगेच त्याचा निकालही लावून टाकलात. बहिणीकडे पाच-सहा रात्री कंबर दुखली नाही. त्याचं श्रेय हवापालटाला द्यायची घाई करू नका. माणूस तेच, कंबर तीच. बदलला तो पलंग, गादी आणि उशी. कंबरदुखीत इतका सरळ पुरावा क्वचितच हाती लागतो. तेव्हा आधी बहिणीला फोन करा आणि विचारा, ती गादी कशाची आहे, किती जाड आहे, किती जुनी आहे, आणि तुमच्या डोक्याखाली तिथे एक उशी होती की दोन. दुकानातला कुठलाही विक्रेता तुम्हाला याहून उपयोगी माहिती देऊ शकणार नाही. आणि बहिणीची गादी फळीसारखी कडक निघेल असं मला बिलकुल वाटत नाही.

पलंगाकडे वळण्याआधी एक खात्री करून घेऊ. झोपून उठताना जास्त, हिंडू-फिरू लागलं की कमी, आणि पायात काही नाही, अशी दुखणी बहुतेक वेळा स्नायू आणि सांध्यांची असतात. कंबरदुखीच्या दहातल्या नऊ जणांत तपासण्या करूनही एखादं ठरावीक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही, आणि त्यात घाबरण्यासारखंही काही नसतं. सकाळचा आखडलेपणा अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिस या मणक्याच्या संधिवातातही असतो. पण तो बहुधा पंचेचाळिशीच्या आत सुरू होतो, आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो, आणि उत्तररात्री दुखण्यानंच जाग येऊन माणसाला उठून फेऱ्या मारायला लावतो. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काही दिसत नाही. पुढे कधी असं व्हायला लागलं तर मात्र पुन्हा डॉक्टरांकडे जा. ताप, विनाकारण वजन उतरणं, पूर्वी झालेला कॅन्सर, पडल्या-झडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, कोणत्याही स्थितीत न थांबणारी रात्रीची कळ किंवा पायातली वाढत जाणारी अशक्तता, यापैकी काही असेल तर उशा-गाद्यांचे प्रयोग करत बसू नये. आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटणं किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, ही तर त्याच तासाला दवाखाना गाठण्याची लक्षणं. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. हे सदर वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी त्याची गरज असेल.

आता ती फळी.

हा सल्ला कुठून आला ते समजण्यासारखं आहे. खोलगट झालेल्या पलंगावर कंबर दुखते हे खरंच, म्हणून उलट्या टोकाला गेलं की बरं वाटेल असा लोकांनी हिशेब केला. कित्येक वर्षं डॉक्टरही हेच सांगत. मग 2003 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष छापून आले. बऱ्याच काळापासून कंबर दुखणाऱ्या 313 जणांच्या घरच्या गाद्या बदलल्या. काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक. कुणाला कोणती मिळाली हे ना त्यांना सांगितलं, ना त्यांना तपासणाऱ्यांना. 90 दिवसांनी पाहिलं तर झोपेतलं दुखणं, उठतानाचं दुखणं आणि रोजच्या कामातली अडचण, या तिन्ही बाबतींत मध्यम कडक गादीवाले पुढे होते. 1 म्हणजे सगळ्यात कडक आणि 10 म्हणजे सगळ्यात मऊ अशी मोजपट्टी धरली, तर मध्यम कडक गादी 5.6 वर होती आणि कडक 2.3 वर. म्हणजे जवळजवळ मधोमध. 2008 साली डेन्मार्कमध्येही 160 जणांवर पाण्याची गादी, शरीराचा आकार घेणारा फोम आणि कडक गादी यांची तुलना झाली. फरक फार मोठा नव्हता, पण जो होता तो कडक गादीच्या विरोधात.

कारण तुम्ही स्वतःच पंधरा दिवस अनुभवलंत. कुशीवर झोपल्यावर अंगाचे दोन भाग बाहेर येतात, खांदा आणि खुबा. त्यांच्या मधली कंबर आत असते. जमीन यापैकी कशालाच जागा देत नाही. खांदा आणि खुबा दाबले जातात, कंबर अधांतरी राहते, आणि ती खाली झुकू नये म्हणून कंबरेचे स्नायू झोपेतही थोडे ताणलेलेच राहतात. तुमचा खुबा आणि खांदा दुखायला लागला तो तुम्ही नाजूक आहात म्हणून नव्हे. अति मऊ गादीत याच्या उलट होतं. सगळ्यात जड भाग, म्हणजे ओटीपोट, खोल जातो आणि कंबर झोळीत पडल्यागत वाकते. गादीनं खांद्याला आणि खुब्याला थोडं आत घ्यावं आणि कंबरेला खालून टेका द्यावा, एवढंच तिचं काम.

पण गादी ही पुढची गोष्ट. आज रात्री एक पैसाही खर्च न करता जे करता येईल ते आधी करू.

कोणत्या कुशीवर झोपावं, असं विचारलंय तुम्ही. कंबरेच्या दृष्टीनं डाव्या-उजव्याचं काही नाही, ज्या कुशीवर कमी दुखतं ती आपली. रात्री छातीत जळजळत असेल किंवा आंबट वर येत असेल तर मात्र डावी कूस बरी. खरा प्रश्न आहे वरच्या पायाचा. आपण कुशीवर आडवे होतो तेव्हा पाय एकावर एक नीट असतात. झोप लागली की वरचा पाय हळूहळू पुढे घसरतो आणि गुडघा गादीला टेकतो. त्या पायाच्या वजनानं कंबरेखालचा भाग पुढे वळतो, छाती मात्र अजून बाजूलाच तोंड करून असते. म्हणजे मधली कंबर पिळलेली, आणि तशीच तासन् तास. तुम्ही पालथ्या होऊन उठता त्याची सुरुवातही इथेच होते. आधी गुडघा पुढे, मग ओटीपोट, मग छाती.

तुम्ही डोक्याखाली दोन उशा घेता ना, त्यातली एक काढून दोन्ही पायांच्या मध्ये घ्या. बहुतेक जण ती फक्त गुडघ्यांच्या मध्ये अडकवतात आणि पावलं तशीच लोंबत ठेवतात. मग घोटा खाली जातो, मांडी आतल्या बाजूला वळते आणि खुब्यावरचा ताण तसाच राहतो. उशी आडवी न ठेवता उभी ठेवा, म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सगळा पाय तिच्यावर येईल. जाडी इतकी हवी की वरचा गुडघा वरच्या खुब्याच्या पातळीत राहील. पातळ उशी असेल तर दुमडून घ्या. गुडघे थोडे वाकलेले असू द्या, अगदी पोटाशी घेऊ नका. आणि पोटाजवळ आणखी एक उशी किंवा लोड घेऊन वरचा हात त्यावर टाका. झोपेत पुढे कलंडायला लागलात की तो लोड आडवा येईल आणि पालथं होणं तिथेच थांबेल. पालथं झोपायची सवय मोडायला याहून सोपी युक्ती मला माहीत नाही.

मग एक तपासणी. कुशीवर झोपल्यावर वरचा हात मागे नेऊन कंबर आणि गादी यांच्यामध्ये सरकवून पाहा. हात सहज आरपार जात असेल तर तिथे पोकळी आहे. एक हलका टॉवेल लांबट घडी करून त्या पोकळीत ठेवा, बरगड्यांच्या खाली आणि खुब्याच्या वर. टॉवेल टोचायला नको, नुसता टेकल्याचं कळलं पाहिजे. खुबे रुंद आणि कंबर बारीक असलेल्या बायकांना या टॉवेलनं पहिल्याच रात्री फरक जाणवल्याचं मी अनेकदा ऐकलंय.

एवढी मांडामांड झाली की नवऱ्याला पाठीमागे उभं करा आणि फोननं एक फोटो काढायला सांगा. फोटो पलंगाच्या उंचीवरून हवा, वरून नको. फोटोत मानेपासून माकडहाडापर्यंत मनातल्या मनात एक रेघ ओढा. ती गादीला जवळजवळ समांतर असली पाहिजे. मान वर चढलेली दिसली तर उशी जाड आहे. मान खाली झुकलेली दिसली तर उशी पातळ आहे. रेघ मध्येच खाली झुकली असेल तर गादी खचली आहे. आपण कसे झोपतो याची आपल्याला अजिबात कल्पना नसते. दहा मिनिटं तोंडी समजावून जे कळत नाही ते त्या एका फोटोत दिसतं.

यातच तुमच्या उशीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. कुशीवर झोपणाऱ्यानं उशी बंद करणं हा उपाय नाही. कुशीवर असताना डोकं आणि गादी यांच्यात खांद्याच्या रुंदीएवढं अंतर पडतं, ते भरून काढायला उशी हवीच. मानेच्या बुडापासून खांद्याच्या टोकापर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढी दबलेल्या उशीची उंची हवी. गादी मऊ असेल तर खांदा आत जातो, म्हणून उशी थोडी कमी. दोन उशांमुळे तुमची मान बहुधा वर चढत असणार. एकच पण भरलेली उशी घ्या. आणि उशी फक्त डोक्याखाली आणि मानेखाली असावी, खांदा तिच्यावर चढवू नये. उताणं झोपणाऱ्याला याहून पातळ उशी पुरते, म्हणून एका घरात सगळ्यांना सारख्या उशा आणायच्या हा हिशेबच चुकीचा आहे.

उताणं झोपणं तुम्हाला आवडत असेल तर तेही उत्तम, फक्त गुडघ्यांखाली एक जाड उशी घ्या. कंबरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाला जोडलेला सोआस नावाचा एक जाडजूड स्नायू आहे. पाय सरळ पसरले की तो ताणतो आणि कंबरेला वर ओढतो, म्हणून पाठ आणि गादी यांच्यात कमान राहते. गुडघे थोडे वर आले की तो सैल पडतो आणि कंबर गादीवर टेकते. दुखणं जोरात असेल त्या रात्री ही स्थिती बऱ्याच जणांना सगळ्यात सुखाची वाटते. घोरणाऱ्यांना मात्र उताणं झोपणं सोसत नाही. त्यांनी कुशीवरच झोपावं.

राहिलं पालथं झोपणं. त्यात पोट खाली जातं, कंबर मागे वाकते आणि श्वास घ्यायचा म्हणून मान रात्रभर एका बाजूला पूर्ण वळलेली राहते. तुमच्यासारख्या सकाळच्या आखडलेपणात मला पहिला संशय यावरच येतो. तरीही वर्षानुवर्षांची सवय एका रात्रीत जाणार नाही. तोवर पालथं व्हावंसंच वाटलं तर डोक्याखालची उशी काढून ओटीपोटाखाली घ्या, पातळशी. एवढ्यानंही कंबरेची मागची कमान कमी होते.

आणि कृपा करून झोपेत स्वतःवर पहारा ठेवू नका. निरोगी माणूसही रात्रीत दहा-वीस वेळा तरी अंग हलवतो, कूस बदलतो, आणि ते चांगलंच आहे. उत्तम स्थितीतही तासन् तास तसंच पडून राहिलं तर अंग आखडतंच. तुम्हाला फक्त झोप लागतानाची मांडणी नीट करायची आहे आणि मध्ये जाग आली तर उशा पुन्हा जागेवर घ्यायच्या आहेत. उशी सकाळी जमिनीवर सापडली तर सापडू दे.

पहाटे कूस बदलताना कळ येते ना, त्याला कारण वळण्याची पद्धत. आपण खांदे आधी वळवतो आणि कंबर मागून ओढत नेतो. त्याऐवजी आधी दोन्ही गुडघे वाकवा, पोट हलकेच आवळा आणि खांदे, कंबर, गुडघे एकदम, एकाच वेळी वळवा. उठतानाही असंच. उताणं असताना सरळ ताडकन उठून बसायचं नाही. आधी पलंगाच्या कडेकडच्या कुशीवर या, पाय कडेवरून खाली सोडा आणि त्याच वेळी खालच्या कोपरानं आणि वरच्या तळहातानं गादीला रेटा देत बसत्या व्हा. पाय खाली जातात तेव्हा त्यांच्याच वजनानं धड वर यायला मदत होते, कंबरेला जोर लावावा लागत नाही. मिनिटभर कडेला बसा, मग उभ्या राहा.

आता ते बेसिन. तुमच्या पत्रात ते वाचलं तेव्हाच ठरवलं होतं की यावर सविस्तर लिहायचं, कारण याबद्दल फार कमी लोकांना सांगितलं जातं. दोन मणक्यांच्या मधल्या चकत्या स्पंजासारख्या असतात. दिवसभर शरीराच्या भारानं त्यांतलं पाणी थोडं थोडं बाहेर जातं आणि रात्री आडवं झालं की त्या ते पुन्हा शोषून घेतात. म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा साधारण 1 टक्क्यानं जास्त असते, म्हणजे दीडेक सेंटीमीटर. ही वाढ उतरते तेव्हा त्यातली निम्मी तर उठल्यावर पहिल्या तासातच उतरते. 1999 साली जर्मनीतल्या उल्म इथे संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या कंबरेच्या चकतीत सेन्सर बसवून दाब मोजला. उताणं झोपल्यावर तो 0.1 मेगापास्कल होता, उभं असताना 0.5. पण सात तासांच्या झोपेत तोच दाब 0.1 वरून 0.24 वर गेला. चकती फुगली होती.

फुगलेल्या चकतीला कंबरेतून पुढे वाकणं सगळ्यात जड जातं, आणि आपण उठल्या उठल्या नेमकं तेच करतो. बेसिनपाशी वाकतो, चपला शोधायला वाकतो, अंथरूण आवरायला वाकतो. 1998 सालच्या एका अभ्यासात जुनाट कंबरदुखी असलेल्यांना फक्त सकाळच्या वेळी कंबरेतून वाकणं टाळायला शिकवलं, तर त्यांचे दुखण्याचे दिवस कमी झाले. गोळी नाही, यंत्र नाही. म्हणून उठल्यावर पहिला तासभर कंबर जपा. बेसिनपाशी एक पाऊल पुढे ठेवा, एक हात बेसिनच्या काठावर टेकवा, गुडघे किंचित सैल सोडा आणि पाठ न वाकवता खुब्यातून पुढे झुका. दात घासताना तर झुकायची गरजच नाही, ताठ उभं राहून घासा, फक्त चूळ टाकायला झुका. अंथरूण आवरणं तासाभरानं, किंवा नवऱ्यानं. पायमोजे-चपला बसून घाला. आणि पुढे वाकून पायाचे अंगठे धरायचे व्यायाम सकाळी उठल्या उठल्या करत असाल तर ते संध्याकाळवर ढकला. सकाळी आधी घरातल्या घरात चाला, जे तुम्ही नकळत करताच.

हे सगळं दोन आठवडे प्रामाणिकपणे करून बघा, आणि मग गादीकडे वळा. एकाच दिवशी सगळं बदललंत तर कशानं बरं वाटलं ते कळणार नाही.

बारा वर्षांची गादी आहे म्हणजे तिचं आयुष्य बहुधा संपलंय. बहुतेक गाद्या आठ-दहा वर्षांत दम सोडतात. तरी खात्री करा. चादर काढा आणि एक लांब सरळ काठी गादीवर आडवी ठेवा. तुम्ही झोपता तिथे काठीखाली दोन-तीन सेंटीमीटरची खोली दिसली तर गादी खचली आहे. गादी ठीक दिसली तर तिच्या खालचा पलंग पाहा, कारण फळ्या मधोमध वाकलेल्या असतात आणि दोष गादीला लागतो. गादी दोन-तीन रात्री जमिनीवर घालून झोपा. बरं वाटलं तर गुन्हेगार पलंग आहे, त्याच्यावर एक प्लायवूडची फळी टाकली की काम झालं. फळीचा खरा उपयोग हा, गादीच्या खाली. कापसाची गादी असेल तर ती उसवून, कापूस पिंजून पुन्हा भरून घेता येते. आणि गादी कडक पण धड असेल, नुसतीच टोचत असेल, तर वर पाच सेंटीमीटरचा लॅटेक्स किंवा फोमचा टॉपर घातला तरी पुरतं.

नवी घ्यायचीच झाली तर नावांना भुलू नका. गादीवर 'ऑर्थोपेडिक' छापलेलं असतं त्यामागे कुठलंही ठरलेलं वैद्यकीय मोजमाप नाही. एका कंपनीची मध्यम गादी दुसऱ्या कंपनीच्या कडक गादीएवढी निघू शकते. वजनानंही फरक पडतो. पन्नास किलोच्या माणसाला जी गादी कडक वाटते तीच नव्वद किलोच्या माणसाला मऊ वाटते. म्हणून दुकानात तळहातानं दाबून किंवा काठावर बसून काही कळत नाही. चपला काढा, तुमच्या नेहमीच्या कुशीवर झोपा, गुडघ्यांत उशी घ्या आणि दहा-पंधरा मिनिटं तशाच पडून राहा. संकोच करू नका, पुढची आठ-दहा वर्षं त्यावर काढायची आहेत. खांद्यावर दाब येतो का, कंबरेखाली हात आरपार जातो का, आणि सहज कूस बदलता येते का, एवढं बघा. मेमरी फोम छान आकार घेतो, पण त्यात रुतून बसल्यामुळे वळताना जोर लावावा लागतो. तुम्हाला वळतानाच कळ येते, म्हणून मी तुमच्यासाठी लॅटेक्स किंवा वर मऊ थर असलेली स्प्रिंगची गादी आधी बघीन. काही आठवडे घरी वापरून परत करायची सोय असेल तर तीच घ्या, कारण पहिले दहा-पंधरा दिवस कुठलीही नवी गादी परकीच वाटते. आणि बहिणीची गादी तुम्हाला मानवली आहे. तिच्यासारखीच मिळाली तर शोध तिथेच थांबवा.

डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम सोडू नका. गादीनं सकाळ सुधारते, कंबर बळकट होते ती चालण्यानं आणि व्यायामानं. आणि कधी कंबर धरलीच तर दिवसभर पडून राहू नका. 1995 साली हेलसिंकीच्या महापालिका कर्मचाऱ्यांवर झालेल्या चाचणीत असं दिसलं की अंथरुणाला खिळलेल्यांपेक्षा जमेल तेवढी रोजची कामं करत राहिलेले लवकर बरे झाले.

आता तुमच्या नवऱ्याची पाठ. त्याच गादीवर ते ठणठणीत असण्यात काही आश्चर्य नाही. त्यांचं वजन वेगळं, खांदे-खुब्यांची घडण वेगळी, झोपायची तऱ्हा वेगळी. शिवाय दोघांपैकी एकाचं वजन जास्त असेल तर जुनी गादी त्याच्या बाजूला खचते आणि दुसरं माणूस रात्रभर त्या उताराकडे घसरत राहतं. उतारावरून घसरू नये म्हणून तुमची कंबर झोपेतही अंग सावरून धरत असेल. दोन आठवडे बाजू बदलून झोपा, किंवा गादीची डोक्याकडची बाजू पायाकडे फिरवा, आणि सकाळी काय फरक पडतो ते पाहा. नवी गादी घेताना त्यांना कडक हवी आणि तुम्हाला मध्यम, असं झालं तर वाद घालत बसू नका. एकाच पलंगावर दोन स्वतंत्र सिंगल गाद्या शेजारी शेजारी घाला. मध्ये पायरी पडू नये म्हणून दोन्हींची जाडी तेवढी सारखी घ्या.